दुरून पाहिलेली नाडी



गेल्या वर्षीं विज्ञानाच्या तासाला चार स्ट्रोकांच्या इंजिनाचा धडा चालू असतां घनसावंगीकडील एका विद्यार्थ्यानें उभें राहून आम्हांस विचारलें, "सर, आमच्या दादाच्या गाडीचें इंजिन परप्रांतांतला एक माणूस घरबसल्या वाढवून देणार आहे. गाडी त्याच्याकडे न्यावयाचीहि नाहीं. हें खरें असतें, कीं पैसे उकळण्याचा धंदा?" वर्गांत हंशा पिकला. आम्ही मात्र हंसलों नाहीं. प्रश्न खरा होता, आणि त्यामागें घरांतील पैशाची काळजीहि होती. उसाचें बिल नुकतेंच हातीं आलें होतें व त्यांतील कांहीं भाग या कामीं जावयाचा होता. तास संपला, उत्तर अर्धवट राहिलें. तें आज या वार्षिकाच्या पानांवर पुरें करावें असा आमचा विचार आहे. मुलांबरोबर त्यांच्या वडीलधाऱ्यांनींहि तें वाचावें अशी विनंती आहे.

प्रथम एवढें सांगतों कीं, ही गोष्ट खरी आहे. पूर्वीं इंजिनाला हवा व पेट्रोल यांचें मिश्रण पुरविण्याचें काम कार्ब्युरेटर करीत असे. मिस्त्री त्याचा स्क्रू हळूच फिरवी, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐके, आणि आवाज एकसारखा आला म्हणजे समाधानानें मान हालवी. आतां तो स्क्रू गेला. त्याच्या जागीं एका लहानशा पेटींतला संगणक बसला आहे. गॅरेजांत त्याला 'ईसीएम' किंवा 'ईसीयू' म्हणतात. हवा किती आली, इंजिन किती तापलें, चालकानें पाय किती दाबला, हें सर्व तो क्षणोक्षणीं पाहतो आणि पेट्रोल किती सोडावयाचें व ठिणगी केव्हां पाडावयाची हें ठरवितो. पेट्रोल नीट जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें १४.७ पट हवा लागते. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरमध्यें सेकंदाला २५ वेळां ठिणगी पडते, आणि फिरणारा दांडा एक अंश पुढें सरकण्यास सेकंदाचा १८,००० वा भाग पुरतो. एवढ्या अवधींत नवें गणित मांडीत बसण्यास सवड कोठून असणार? म्हणून कारखान्यानें आधींच भरून ठेवलेलीं कोष्टकें हा संगणक पाहतो. तुम्हांस जसे पाढे पाठ असतात, तशीं त्याला हीं कोष्टकें पाठ असतात. पाढे बदलले कीं उत्तर बदललें. कोष्टकें बदललीं कीं इंजिनाचा स्वभाव बदलला.

हा बदल दुरून कसा होतो तें आतां पाहूं. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस सोळा पिनांची एक जागा असते. गाडींतील बिघाड शोधण्यासाठीं मिस्त्री आपलें यंत्र तेथेंच जोडतो. दुरून काम करणारा कारागीर मालकाकडे एक लहान यंत्र पाठवितो. मालक तें त्या जागीं लावतो, इंजिनांतील मूळ कोष्टकें उतरून घेतो आणि इंटरनेटवरून धाडून देतो. कारागीर बंगळुरांत असो कीं इंग्लंड-अमेरिकेंत असो, तो आपल्या टेबलाशीं बसून पेट्रोलचें प्रमाण, ठिणगीची वेळ व हवेचा दाब बदलतो आणि फाईल परत पाठवितो. मालक ती गाडींत भरतो. त्यानंतर गाडी चालवून इंजिनाच्या वागण्याची नोंद घ्यावयाची, ती पुन्हां पाठवावयाची, आणि कारागिरानें पुन्हां दुरुस्ती करावयाची, असे दोन-चार फेरे होतात. भरतेवेळीं बॅटरी कमजोर पडली तर संगणक जागच्या जागीं मुका होऊन बसण्याचा संभव असतो, म्हणून जाणते लोक आधीं बॅटरीला चार्जर लावतात.

टर्बो बसविलेल्या मोठ्या गाड्यांत या बदलाचा परिणाम विशेष दिसतो. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनांत जादा हवा कोंबणारा पंखा. कारखानदार अशा इंजिनाची सगळीच शक्ती उघडी करीत नाहीं; कांहीं राखून ठेवतो. तीच गाडी लडाखच्या थंडींतहि जावयाची असते आणि जालन्याच्या मे महिन्यांतहि धावावयाची असते. कोणी ऑईल वेळेवर बदलतो, कोणी बदलत नाहीं. पंपावर मिळणारें पेट्रोल सर्वत्र सारखें नसतें. राखून ठेवलेली शक्ती हें या सर्वांसाठीं ठेवलेलें बियाणें आहे. दूरचा कारागीर तेंच बियाणें काढून मालकाच्या पुढ्यांत ठेवतो, आणि मालकास वाटतें कीं धान्य फुकट वाढलें.

आमच्या घनसावंगीच्या लोकांस ही युक्ति अगदीं नवी वाटूं नये. गोदाकांठच्या पट्ट्यांत उसाचा हंगाम सुरू झाला कीं दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. चढावर ट्रॅक्टर दमतो म्हणून मालक डिझेलचा पंप वाढवून घेतो. ओढ वाढते, हें खरें. पण त्याबरोबर काळा धूर निघतो, इंजिन तापतें, डिझेल अधिक जातें, आणि दोन हंगामांनंतर इंजिन खोलण्याची पाळी येते. फरक एवढाच कीं, पंप वाढविणारा मिस्त्री गांवांतलाच असतो. उद्यां ट्रॅक्टर बंद पडला तर त्याच्या दुकानापुढें उभें राहून जाब विचारतां येतो. मोटारीची फाईल पाठविणाऱ्याचें दार कोणत्या गल्लींत आहे?

तथापि केवळ दूर बसला म्हणून तो लबाड, असें म्हणणें अन्यायाचें होईल. आजारी माणसाचे कागद मुंबईच्या डॉक्टरास पाठवून सल्ला घेणें आतां खेड्यांतहि रूढ झालें आहे. नोंदी नीट घेतल्या व नीट वाचल्या तर दुरूनहि नाडी कळते. चांगला कारागीर इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याची नोंद मागतो, प्लग व ऑईल यांची चौकशी करतो, आणि इंजिन जुनें असेल तर 'हें काम करूं नका' असें स्पष्ट सांगतो. शर्यतीच्या बंद मैदानावर धावणाऱ्या गाड्यांस तर अशी जुळणी अवश्यच असते. पुण्याच्या कांहीं अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी स्वतः गाड्या बांधून स्पर्धांत उतरवितात आणि या कोष्टकांचा अभ्यास आपल्या हातांनीं करतात. ही विद्या आहे व ती मानाची आहे. आमचा आक्षेप विद्येवर नाहीं. विद्या न घेतां तिचें फळ विकत घेण्यावर आहे.

पहिली गोष्ट इंजिनाच्या प्रकृतीची. दूरच्या कारागिरापाशीं पुष्कळदां एक तयार फाईल असते आणि तीच तो शंभर गाड्यांस पाठवितो. त्याला आमचा उन्हाळा ठाऊक नसतो. त्याला आमचें पेट्रोलहि ठाऊक नसतें, आणि येथें उसाचा संबंध पुन्हां येतो. आमच्या शेतांतला ऊस कारखान्यांत जातो, त्यापासून इथेनॉल होतें व तें पेट्रोलमध्यें मिसळतात. पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट देशानें २०२५ सालीं गांठलें. इथेनॉलमध्यें लिटरमागें पेट्रोलपेक्षां सुमारें एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि त्यास जळण्यासाठीं वजनाच्या सुमारें नऊ पटच हवा लागते. उलट, अवेळीं भडका उडूं न देण्याचा त्याचा गुण पेट्रोलहून सरस आहे. म्हणजे मिश्रण बदललें कीं कोष्टकांचें गणित बदललें. गाडींतील संगणक कांहीं मर्यादेपर्यंत स्वतःस सांवरून घेतो. पण ती मर्यादा आधींच कोणीं खाऊन टाकली असेल, तर पिस्टनच्या माथ्यावर अवेळीं भडका उडतो. मिस्त्री त्यास 'नॉकिंग' म्हणतात. तें चालत राहिलें तर पिस्टन फुटतो, आणि मग मागाहून फाईल पाठविणाऱ्याचा फोन लागत नाहीं.

दुसरी गोष्ट इतरांच्या श्वासाची. ती समजण्यास एक खरा वृत्तांत सांगतों. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका लहानशा मंडळीनें २०१३ सालीं डिझेल मोटारींच्या मागील भागांत मापनयंत्रें ठेवून त्या उघड्या रस्त्यावर चालविल्या. त्या मंडळींत अरविंद तिरुवेंगडम व हेमंत कप्पन्ना हे भारतीय तरुणहि होते. प्रयोगशाळेंत निर्मळ ठरलेली गाडी रस्त्यावर मात्र मर्यादेच्या कित्येक पट विषारी वायु सोडते असें त्यांस आढळलें. प्रथम त्यांस वाटलें कीं आपलींच यंत्रें चुकत असावींत. म्हणून त्यांनीं तीं पुन्हां पुन्हां तपासलीं. शेवटीं कळलें तें असें कीं, फोक्सवॅगन कंपनीच्या इंजिनांतील सॉफ्टवेअर परीक्षेची वेळ ओळखी, तेवढ्यापुरतें शहाण्यासारखें वागे, आणि रस्त्यावर येतांच धूर आवरण्याचें काम सोडून देई. १८ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेच्या सरकारी खात्यानें हें जाहीर केलें. जगांतील सुमारें १ कोटि १० लाख गाड्यांत तें इंजिन होतें.

हें लोण आपल्या महाराष्ट्रांतहि आलें. त्या कंपनीचा एक कारखाना पुण्याजवळ चाकण येथें आहे. पुण्याच्या 'ॲटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' या १९६६ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें गाड्या रस्त्यावर नेऊन तपासल्या. तेव्हां नायट्रोजनच्या ऑक्साईडांचें प्रमाण मर्यादेच्या १.१ पटीपासून २.६ पटीपर्यंत निघालें. १ डिसेंबर २०१५ रोजीं कंपनीनें भारतांतील ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविण्याचें जाहीर केलें, आणि त्या दुरुस्तीचा मुख्य भाग सॉफ्टवेअर बदलणें हाच होता. २०१९ च्या मार्च महिन्यांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ५०० कोटि रुपयांचा दंड ठोठावला. पुढें मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्या वसुलीसाठीं सक्तीची कारवाई करण्यास मनाई केली.

परीक्षेंत नक्कल करणाऱ्या मुलाची ही गोष्ट एका बलाढ्य कंपनीची असली, तरी लहान प्रमाणांत ती कोणाचीहि होऊं शकते. १ एप्रिल २०२० पासून देशांत 'बीएस-सहा' हे कडक नियम आले. त्यांसाठीं डिझेल गाड्यांस काजळी अडविणारी गाळणी बसवितात. ती गाळणी मधून मधून तापून साफ व्हावी लागते. हळू व थोडथोडें चालणाऱ्या गाडींत ती तुंबते व समोर दिवा लागतो. तेव्हां कांहीं कारागीर गाळणीच काढून टाकण्यास व दिवा कायमचा विझविणारी फाईल भरण्यास सांगतात. दिवा विझतो, पण काजळी गाडीमागून सायकलीवर येणाऱ्या मुलाच्या छातींत जाते. आणि आमच्या पीयूसीच्या तपासणींत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साईड व हायड्रोकार्बन आणि डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा एवढेंच पाहतात; नायट्रोजनचीं ऑक्साईडें मोजीत नाहींत. म्हणून प्रमाणपत्र हातीं असणें म्हणजे निरपराध असणें नव्हे.

तिसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्यानें मूळ ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि ९ जानेवारी २०१९ च्या निकालांत हें कलम ठामपणें मांडलें. फाईल डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून ती सांपडणार नाहीं अशी पुष्कळांची समजूत आहे. कंपनीचा मिस्त्री यंत्र लावतांच बदल ओळखूं शकतो. मग हमी जाते, आणि अपघात झाला तर विम्याचा वादहि उभा राहूं शकतो. शिवाय वाढलेल्या शक्तीबरोबर ब्रेक व टायर वाढत नाहींत. आपल्या जिल्ह्यांतून समृद्धि महामार्ग जातो. तेथें मोटारींस ताशीं १२० किलोमीटरची मर्यादा आहे. ज्या वेगाला रस्ता परवानगी देत नाहीं, त्या वेगासाठीं पैसे मोजणें यांत शहाणपण तें कोणतें?

यावर कोणी विचारील, "गाडी आमची, पैसे आमचे, मग आंतलें सॉफ्टवेअर आमचें नव्हे काय?" हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. अमेरिकेंतील शेतकऱ्यांवर अशी वेळ आली कीं, स्वतःचा ट्रॅक्टर नादुरुस्त झाला तर कंपनीच्या माणसावांचून त्याचें सॉफ्टवेअर कोणास उघडतां येईना, आणि पीक शेतांत उभें राहून वाळूं लागलें. त्यांतील कित्येकांनीं परदेशांतून आलेलीं चोरटीं सॉफ्टवेअरें वापरलीं. २०१५ सालीं त्या देशाच्या कॉपीराइट कार्यालयानें वाहनाची कायदेशीर दुरुस्ती करण्यासाठीं मालकास त्याचें सॉफ्टवेअर उघडण्याची सवलत मान्य केली. आपल्या देशांतहि २०२२ सालीं केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानें 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिति नेमली, आणि तिच्या विषयांत शेतीचीं अवजारेंहि घेतलीं. आम्ही या हक्काच्या बाजूचे आहों. घनसावंगीच्या मिस्त्रीला ट्रॅक्टरचा संगणक वाचतां आलाच पाहिजे. नाहींतर उद्यां प्रत्येक बिघाडासाठीं शेतकऱ्यास शहराची वाट धरावी लागेल. परंतु दुरुस्त करण्याचा हक्क वेगळा आणि बिघडविण्याची मोकळीक वेगळी. विहीर आपली असली तरी तींत विष कालविण्याचा हक्क कोणास नाहीं. कारण पाणी जमिनीखालून शेजाऱ्याच्या विहिरींतहि जातें. हवेचें तसेंच आहे.

चौथी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. फाईल विकत घेणाऱ्या मालकाला आपल्या इंजिनांत काय बदललें हें कळत नाहीं. तो बटण दाबतो, गाडी उडी घेते, आणि तो खूष होतो. त्याच्या पैशानें दुसऱ्याची विद्या वाढली. त्याची स्वतःची तेवढीच राहिली. तेच पैसे व तोच उत्साह शिकण्याकडे वळविला तर? मराठवाड्यांतील मुलें बुद्धीनें कोणाहून कमी नाहींत. तालुक्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत मोटारीचें काम शिकतां येतें. त्रिकोणमिति, तापमान व दाब यांचे नियम, आणि संगणकाची भाषा हे विषय याच शाळेंत तुम्ही शिकतां. कोष्टकांचें सारें शास्त्र त्यांवरच उभें आहे. 'पुढें हें कोठें उपयोगी पडणार?' असें जे विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात, त्यांस हें एक उत्तर आहे. आज बंगळुरास बसलेल्या माणसाला घनसावंगीची गाडी जुळवितां येते. मग घनसावंगीस बसून बंगळुरची गाडी जुळविणारा मुलगा किंवा मुलगी येथून कां निघूं नये? जी तार तिकडून इकडे येते ती इकडून तिकडेहि जाते.

याच तालुक्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मस्थान. यत्न व विवेक यांची जोडी त्यांनीं जन्मभर सांगितली. इंजिनाची शक्ती वाढविणें हा यत्न झाला; ती कोठें, किती व कोणाच्या जिवावर वाढवावयाची हें पाहणें हा विवेक. एकावांचून दुसरा लंगडा आहे.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतों. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्याला चार प्रश्न लिहून दिले व दादानें ते त्या कारागिरास विचारावे असें सांगितलें. फाईल आमच्याच गाडीच्या नोंदी पाहून करणार, कीं तयार देणार? मूळ फाईल जपून ठेवून मागतांच परत देणार काय? धूर आवरणारीं सर्व साधनें जशींच्या तशीं चालूं ठेवणार काय? आणि बिघाड झाला तर तुम्ही उत्तरदायी, असें लेखी देणार काय? दादानें विचारलें. पहिल्या दोन प्रश्नांस गोड उत्तरें आलीं. तिसऱ्यास 'त्याची काळजी करूं नका' असें आलें. चौथ्यास उत्तरच आलें नाहीं.

दादा शहाणा निघाला. त्या पैशांतून त्यानें गाडीचे झिजलेले चारी टायर बदलले आणि ब्रेक नवे करून घेतले. गाडीची शक्ती होती तेवढीच राहिली. धाकटा मात्र आतां सुटीच्या दिवशीं गॅरेजांत जाऊन बसतो, मिस्त्रीचें यंत्र गाडीस कसें लावतात तें पाहतो, आणि पडद्यावर उमटणारे आंकडे वहींत उतरून सोमवारीं आम्हांस त्यांचा अर्थ विचारतो. त्यांतील कांहींचा अर्थ सांगण्यापूर्वीं आम्हांसच पुस्तक उघडावें लागतें, हें कबूल करण्यास आम्हांस लाज वाटत नाहीं.